बाबांची नळी, युरोबॅग आणि पुन्हा पुन्हा येणारा ताप

कृष्णाकाठ

विषय लघवीचा आहे. जेवता जेवता वाचणाऱ्यांनी नंतर या.

बाबा ७८ वर्षांचे. जुलैत अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. कॅज्युअल्टीत आल्या आल्या लघवीची नळी घातली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, बाबा वॉकर धरून ओटीपर्यंत जायला लागले. नळी मात्र राहिली ती राहिलीच. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या अकरा ओळी आहेत. नळी कधी बदलायची, कधी काढायची, याबद्दल अवाक्षर नाही. खोटं कशाला बोलू, मीही विचारलं नाही. रात्री उठवायला नको, अंथरूण ओलं व्हायला नको, म्हणून मला ती सोयीचीच वाटत होती.

अकरा आठवड्यांत दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. पहिल्यांदा पहाटे दात वाजायला लागले. तीन रजया घातल्या तरी थरथर थांबेना. दुसऱ्यांदा ताप चढल्यावर मला विचारायला लागले, "रामानं म्हशी सोडल्या का?" आमच्याकडे म्हशी नाहीत आणि रामा जाऊन वीस वर्षं झाली. दोन्ही वेळा आठवडाभर सलाइन, इंजेक्शनं. लघवीतले जंतू वाढवून बघायच्या दुसऱ्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या रिपोर्टात अर्ध्याहून जास्त अँटिबायोटिक्ससमोर 'आर' लिहून आला. म्हणजे ती औषधं आता त्या जंतूंवर चालत नाहीत.

परवा मी रजा टाकली, खुर्ची घेऊन बाबांच्या खोलीत बसले आणि दिवसभर फक्त पिशवीकडे बघितलं. नळीतून येणारी लघवी जमते ती युरोबॅग. दिसलं ते असं.

बाबांना सांभाळणारे दिवसपाळीचे मामा आले, चप्पल काढली, डबा ठेवला आणि हात न धुता पिशवी मोकळी करायला घेतली. त्यासाठी न्हाणीतला लाल मग. तोटी मगाच्या कडेवर टेकवून उघडली, झटकली, बंद केली. तोच मग विसळून परत बादलीत. मग फिजिओथेरपिस्ट आले. चालवताना पिशवी कुठे धरायची म्हणून वॉकरच्या वरच्या दांडीला अडकवली. नळी पारदर्शक असते ना, त्यातली पिवळी रेघ उलटी बाबांकडे सरकताना मी बघितली आणि अंगावर काटा आला. दुपारी पिशवी जमिनीवर. फरशी पुसणाऱ्या मावशींनी ती उचलून, खालून पोछा मारून परत तिथंच ठेवली. संध्याकाळी ड्रेसिंगला जाताना आत्यानं "लोकांना कशाला दिसायला हवी" म्हणत पिशवी शालीत गुंडाळून रिक्षात बाबांच्या मांडीवर ठेवली. घरी आल्यावर मामांनी ती नळीपासून सोडवली, आतून डेटॉलच्या पाण्यानं खळखळून धुतली आणि पुन्हा लावली. रोज धुतात म्हणे. मला वाटायचं, किती स्वच्छ माणूस!

तर ज्यांनी घरी नळी सांभाळली आहे त्यांनी सांगा: पिशवी किती दिवसांनी बदलायची? नळी किती दिवसांनी? धुवायचं कशानं? लघवी गढूळ दिसली की लगेच तपासायची का? आणि तिसरा ताप येऊ नये म्हणून एखादी गोळी रोज चालू ठेवतात का?

चहाबाज

वाचतोय. सासऱ्यांचं हेच चाललंय. आमच्या केमिस्टनं क्रॅनबेरीच्या गोळ्या दिल्या, महाग आहेत. कुणाला फरक पडला का?

निवृत्त_सिस्टर

कृष्णाकाठ, तू केलंस ते आम्ही वॉर्डात नव्या पोरींना करायला लावायचो. एक दिवस हात लावायचा नाही, नुसती नळी कुठून कुठे जाते ते बघायचं. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच सर्जिकल वॉर्डात. सांगते.

जंतूंना मूत्राशयात शिरायला दोन वाटा असतात. एक नळीच्या बाहेरून, कातडी आणि नळी यांच्या फटीतून. तिथले जंतू बहुतेक पेशंटच्याच शौचाच्या जागेचे. दुसरी नळीच्या आतून, पिशवीच्या तोटीतून किंवा नळी-पिशवीच्या जोडातून. हे जंतू आपल्या हातांवरून जातात. तुझ्या मामांनी जोड रोज सोडवला, म्हणजे दुसरं दार रोज उघडलं. पिशवी कितीही डेटॉलनं धुवा, तो जोड उघडला की धुण्याचा फायदा गेला. पिशवी धुवायची नसते. गळायला लागली, वास मारायला लागली, आत गाळ बसला की नवी लावायची, आणि नळी बदलताना तर बदलायचीच. लावताना जोडाची दोन्ही टोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, आतल्या भागाला बोट लागू द्यायचं नाही.

मोकळी कधी करायची? अर्धी ते पाऊण भरली की. दोन लिटरची पिशवी गच्च भरली तर दोन किलो वजन नळीवर लोंबकळतं, नळीला आत धरून ठेवणारा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी ओढला जातो, पेशंट कळवळतो आणि आपल्याला वाटतं इन्फेक्शन. आधी हात साबणानं धुवायचे, मग हातमोजे, नंतर पुन्हा हात. मोजे घातले म्हणून धुणं माफ होत नाही. पिशवीसाठी वेगळं भांडं ठेव, त्यावर मार्करनं फुली मार, आणि त्याला तोटी टेकवायची नाही. धार वरून पडली पाहिजे. मोकळी झाली की तोटीचं टोक स्पिरिटनं पुसून टाक.

पिशवी कायम कमरेच्या खाली आणि जमिनीच्या वर. आमच्या काळात खाटेला हूक असायचे. घरी शिवणाच्या दोऱ्यानं एस आकाराचा हूक बांधला तरी चालतो, फक्त खाटेच्या त्या दांडीला बांध जी डोक्याकडच्या भागासोबत वर उचलली जात नाही. रिक्षात बसवण्याआधी पिशवी मोकळी करायची आणि पायाशी धरायची. लोकांना दिसते म्हणून आत्याला वाईट वाटत असेल तर कापडी पिशवी शिव, खिडकीच्या पडद्याची उरलेली पट्टी पुरते.

धुणं साधं असतं. दिवसातून एकदा आणि दर शौचानंतर, साबण आणि पाणी. बीटाडीन नको, पावडर नको, मलम नको. रोज बीटाडीन लावल्यानं इन्फेक्शन कमी होत नाही, कातडी मात्र चिडते. नळी शरीरापासून बाहेरच्या दिशेनं चार बोटं पुसायची. बाहेरून आत नाही. बाईमाणूस असेल तर पुढून मागे. आणि पुरुष पेशंटचं एक कुणी सांगत नाही ते सांगते, लाजू नका: पुढची कातडी मागे सारून धुवायची, कोरडी करायची आणि आठवणीनं परत पुढे आणायची. मागेच राहिली तर दोन-तीन तासांत सूज चढते, मग ती खाली येत नाही आणि रात्री सर्जनला उठवायची वेळ येते. मी असे पेशंट पाहिलेत, सगळे स्वच्छ घरांतले.

नळी मांडीला किंवा ओटीपोटाला चिकटपट्टीनं बांधलेली आहे का? तू लिहिलं नाहीस. मोकळी नळी आत-बाहेर हलत राहते आणि दर हालचालीला बाहेरची घाण चिमूटभर आत नेते. पट्टी लावताना थोडी ढील ठेव, नाहीतर कूस बदलली की हिसका बसतो.

घाटमाथा

सिस्टर, दंडवत. माझी आजी मात्र अशा पेशंटना धने-जिऱ्याचं पाणी आणि जवाचं पाणी द्यायची. त्यानं लघवी साफ होते. दोन वर्षं आजोबांना नळी होती, एकदाही अ‍ॅडमिट नाही. अ‍ॅलोपथीत गोळीशिवाय काही सुचत नाही ही अडचण आहे.

पांढराकोट

मी डॉक्टर आहे, पण कृष्णाकाठ यांचे बाबा माझे पेशंट नाहीत. तेव्हा इथलं वाचून काही चालू-बंद करू नका, त्यांच्या डॉक्टरांसमोर हेच प्रश्न ठेवा.

तुमच्या पाच प्रश्नांत सहावा राहिला आणि तोच आधी विचारायला हवा: बाबांना आज नळी कशासाठी लागते?

ऑपरेशनच्या दिवशी लागत होती, हे मान्य. आता ते ओटीपर्यंत चालतात. नळी ठेवायला कारण लागतं: लघवी अडते आणि दुसरा उपाय नाही, अतिदक्षता विभागात तासातासाला मोजायची आहे, माकडहाडाजवळ जखम आहे आणि ती ओली होते, किंवा माणूस शेवटच्या टप्प्यात आहे आणि त्याला हलवणं म्हणजे यातना. अंथरूण ओलं होतं, उठवायचा कंटाळा येतो, ही कारणं समजण्यासारखी आहेत, पण त्यांना डायपर आहे, युरिन पॉट आहे, पुरुषांसाठी बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटर आहे. नळी आत असेल तर रोज साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्यानं जंतू येतात. महिना झाला की जवळजवळ सगळ्यांच्याच येतात, सिस्टरांनी सांगितलेलं सगळं काटेकोर पाळलं तरी. काळजीनं ते लांबतं. नळीच नसेल तर नळीचं इन्फेक्शनही नाही. काही हॉस्पिटलांत डॉक्टरला रोज आठवण करून देणारी चिठ्ठी केसपेपरवर लावतात, "आज नळी हवी का?" एवढीच. अशा आठवणींनी नळीमुळे होणारी इन्फेक्शन्स जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं आहे, कारण बऱ्याच नळ्या नुसत्या विसरलेल्या असतात.

आता गढूळ लघवी. लघवीत जंतू असणं आणि आजार असणं या दोन गोष्टी आहेत. नळी असलेल्याची लघवी कधी गढूळ, कधी उग्र वासाची असणारच. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतू आपलं शेवाळ धरतात (तुमच्या अंगणासारखंच), त्या चिकट थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. ताप नाही, थंडी नाही, कमरेत किंवा ओटीपोटात दुखत नाही, माणूस नेहमीसारखा आहे, तर लघवी लॅबला पाठवूच नका. पाठवलीत की रिपोर्ट येतो जंतू "एक लाखाच्या वर", कुणीतरी घाबरून गोळी लिहितो, शेवाळ तसंच राहतं आणि आतले जंतू ती गोळी पचवायला शिकतात. तुमच्या रिपोर्टातले 'आर' असेच जमत जातात. गरोदर बायका आणि ज्यांचं मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलंय ते, यांचा हिशोब वेगळा. रोजची प्रतिबंधक गोळी याच कारणानं देत नाहीत. मूत्राशय पिचकारीनं धुणं, पिशवीत जंतुनाशक टाकणं, हेही नेहमीसाठी करू नये.

खरा ताप आला तर क्रम लक्षात ठेवा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची, नव्या नळीतून नमुना घ्यायचा, मग अँटिबायोटिक. जुन्या नळीतला किंवा पिशवीतला नमुना त्या शेवाळाचा असतो, मूत्राशयातला नाही. उशीर करायची नाही ती लक्षणं: थंडी वाजून ताप, तापात असंबद्ध बोलणं, बीपी उतरणं, लघवीत रक्ताच्या गाठी, किंवा तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट टम्म.

@घाटमाथा, आजींचं पाणी खुशाल द्या. दिवसभर पाणी पोटात गेलं आणि लघवी फिकट राहिली तर नळी कमी चोंदते. धन्याचं, जवाचं, साधं, कुठलंही. लिंबूपाणी तर चांगलंच. त्यातल्या सायट्रेटमुळे नळीत खडा धरायला वेळ लागतो असं प्रयोगांत दिसलंय. फक्त हृदय किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाण्याचं माप डॉक्टरला विचारून. @चहाबाज, क्रॅनबेरीचा थोडा उपयोग दिसतो तो ज्यांना नळी नाही आणि वारंवार इन्फेक्शन होतं अशा बायकांत. मूत्राशय नीट रिकामं होत नाही अशांत दिसत नाही. सासरे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेत असतील तर विचारल्याशिवाय देऊच नका.

जुनी_वही

अवांतर, पण राहवत नाही. ही फुगेवाली नळी म्हणजे 'फोलीज', अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या फ्रेडरिक फोली नावाच्या सर्जनच्या नावाची. १९३० च्या दशकातली. पेटंटच्या भांडणात तो हरला, नाव मात्र त्याचंच राहिलं. वर लिहिलेला नंबर, १४ किंवा १६, तो 'फ्रेंच' मापातला, शार्येर नावाच्या पॅरिसच्या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराचा. नंबरला तीननं भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी मिळते. १६ म्हणजे पाच मिलिमीटरहून थोडी जास्त.

आणि पिशवी बंद असण्याचं महत्त्व कळायला बरीच वर्षं गेली. पूर्वी नळीचं टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडायचे. चार-पाच दिवसांत बहुतेक सगळ्यांना इन्फेक्शन. क्यूनिन आणि मॅकॉर्मॅक या दोघांनी १९६६ साली दाखवलं की नळीपासून पिशवीपर्यंत सगळं बंद ठेवलं तर ते कितीतरी लांबतं. कृष्णाकाठच्या मामांनी न कळत रोज दहा मिनिटं १९६६ च्या आधीचं वॉर्ड चालवलं.

निवृत्त_सिस्टर

बाटल्या मी पाहिल्यात. तालुक्याच्या दवाखान्यात, अगदी सुरुवातीला. रात्रपाळीला पाय लागून फुटायच्या.

थेम्सकाठ

कृष्णाकाठ, नावं जुळली. आई माझ्याकडे लंडनला असते, तिलाही नळी आहे. इकडे डिस्ट्रिक्ट नर्स येते. एक युक्ती सांगते, तिकडे करता येईल. दिवसा पायाला बांधायची छोटी पिशवी असते, ती आठवडाभर तीच, पाच ते सात दिवसांनी बदलायची. रात्री ती काढायचीच नाही; तिच्या खालच्या तोटीला मोठी रात्रीची पिशवी जोडायची आणि तोटी उघडी ठेवायची. सकाळी मोठी काढून टाकायची. म्हणजे नळीला लागून असलेला जोड आठवडाभर कुणी उघडतच नाही. लेग बॅग म्हणून विचारा, मोठ्या शहरांतल्या सर्जिकल दुकानांत मिळते. पट्टे फार आवळू नका, आईच्या पोटरीवर वळ उठले होते.

बाकी, नळी किती दिवसांनी बदलायची हे कुणी सांगितलं नाही अजून?

पांढराकोट

राहिलं खरं. साधी लेटेक्सची असेल तर साधारण दोन ते चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा आठवडे. पाकिटावर लिहिलेलं असतं, पाकीट फेकू नका. पण तारीख आली म्हणून उगाच लवकर लवकर बदलण्यातही इजा आहे. कुणाची नळी तिसऱ्याच आठवड्यात चोंदते, कुणाची दहा आठवडे वाहते. ज्यांची सारखी चोंदते त्यांच्यात बहुतेकदा प्रोटियस नावाचा जंतू असतो. तो युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कलाइन होते आणि नळीत चुन्यासारखा थर बसतो. बदललेली नळी टाकण्याआधी बोटात फिरवून बघा, रेतीसारखी करकर लागली तर तसं डॉक्टरांना सांगा, मूतखड्यासाठी सोनोग्राफी करतील. बाजूनं लघवी गळते म्हणून जाड नळी घालून घेऊ नका. आधी नळी कुठे मुडपली आहे का बघा, मग पोट साफ आहे का विचारा.

सई_सातारा

कृपया कुणीतरी लवकर उत्तर द्या. आजीची पिशवी आज सकाळपासून जांभळी झाली आहे!! लघवी नाही, पिशवीच जांभळी, जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी. शेजारच्या काकू म्हणतात कुणी काहीतरी केलंय. आजी बरी आहे, ताप नाही, चहा-बिस्कीट खाल्लं.

पांढराकोट

घाबरू नका, फोटो काढून ठेवा, मुलांना दाखवायला उपयोगी आहे. याला वैद्यकात 'जांभळी पिशवी' असंच नाव आहे, १९७८ पासून नोंदी आहेत. अन्नातल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो, त्यापासून आतड्यातले जंतू इंडोल नावाचं रसायन करतात, यकृत त्याचं रूप बदलून लघवीत सोडतं आणि पिशवीतले काही जंतू त्यातून दोन रंग बनवतात, एक निळा, एक लाल. ते पिशवीच्या प्लॅस्टिकात मुरतात. निळा रंग म्हणजे इंडिगो, कपड्यांना लावायची जुनी नीळ तीच.

आजींना किती दिवस शौचाला साफ झालं नाही?

सई_सातारा

पाच. तुम्हाला कसं कळलं?

पांढराकोट

बहुतेकदा तसंच असतं. अन्न आतड्यात रेंगाळलं की इंडोल जास्त तयार होतं. बद्धकोष्ठ सोडवा, या आठवड्यात नळी आणि पिशवी बदलून घ्या. ताप आला किंवा आजी मलूल वाटल्या तर लगेच दाखवा. अँटिबायोटिक रंगासाठी नको. काकूंना नीळ सांगा.

चाकखुर्ची

सगळे नळी काढा, नळी काढा म्हणताय, बरोबरच आहे. पण आमच्यासारख्यांचंही लिहितो. २०११ मध्ये अपघातात मणका गेला, कमरेखाली संवेदना नाही. पहिले सात महिने फोलीज होती, चार वेळा अ‍ॅडमिट. मग पुनर्वसन केंद्रात शिकवलं ते स्वतःच नळी घालून, मूत्राशय रिकामं करून, लगेच काढून टाकायचं. दर चार ते सहा तासांनी. सुरुवातीला आईला ऐकूनच घेरी आली. आता ऑफिसच्या बाथरूममध्ये सहा मिनिटांत होतं.

१९७२ मध्ये लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं मांडलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक असायची गरज नाही, साबणानं हात स्वच्छ धुतले तरी पुरतं. मूत्राशय तट्ट फुगू न देणं जास्त महत्त्वाचं. तोवर हे फक्त हॉस्पिटलात मोजे-गाऊन घालून करायचे. इन्फेक्शन आजही होतं, वर्षातून एखादं. मला दुखत नाही, त्यामुळे मी ओळखतो ते पायांच्या उड्यांवरून. पाय नेहमीपेक्षा जास्त आखडायला लागले की समजायचं. छातीच्या वरच्या भागात मणका गेलेल्या मित्रांना तर नळी नुसती मुडपली तरी डोकं फुटेल असं दुखतं, घाम फुटतो, बीपी भयानक चढतं. तशांनी आधी ताठ बसायचं आणि नळी मोकळी करायची, बाकीचं नंतर.

एक तक्रार. हॉस्पिटलातून घरी पाठवताना पेशंटच्या हाताला हे शिकवत नाहीत, नातेवाइकांना शिकवतात. माझे हात चांगले आहेत.

निवृत्त_सिस्टर

शेवटच्या दोन ओळी प्रिंट काढून वॉर्डात लावायला हव्यात. आमची चूक आहे ही.

घाटमाथा

मागचं जरा तोडून बोललो. आजोबांच्या नळीबद्दल घरी फोन करून विचारलं. आजी धन्याचं पाणी द्यायची खरंच, पण आईच्या आठवणीप्रमाणे तिचा दुसरा नियम जास्त कडक होता: राखेनं हात धुतल्याशिवाय आजोबांच्या खाटेजवळ कुणी जायचं नाही. सोवळं समजायचो आम्ही.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

घरात आधी तीन गोष्टी बदलल्या. खाटेला हूक बसवला. फुली मारलेलं भांडं आलं (जुना लाल मग मामांनीच फेकला). दारात साबण आणि नॅपकिन ठेवला, मामांना सिस्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटत होतं, पण ते म्हणाले, "ताई, मला आजवर कुणी शिकवलंच नाही. आठ पेशंट सांभाळले." आता फिजिओथेरपिस्ट पिशवीला हात लावायच्या आत मामाच ओरडतात, "खाली, खाली!"

एका पहाटे चारला जाग आली, पिशवी रिकामी. बाबा कण्हत होते, पोट नगाऱ्यासारखं. पांढराकोट यांचं वाक्य आठवलं, दवाखान्यात पळायच्या आधी पांघरूण काढलं. नळी मांडीखाली दाबून दुमडली होती. सरळ केली तशी धार सुरू झाली, सातशे मिली निघाली. बाबांनी "हुश्श" म्हणून डोळे मिटले.

मग डॉक्टरांकडे गेलो आणि तो सहावा प्रश्न विचारला. त्यांनी केसपेपर मागेपुढे चाळला आणि म्हणाले, "अजून आहे का नळी?" मी काही बोलले नाही. प्रोस्टेट थोडी वाढलेली आहे, म्हणून टॅमसुलोसिन रात्री सुरू केली. त्यानं उठताना चक्कर येऊ शकते, एकदा खुबा मोडलाय, तेव्हा पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं बसूनच उभं करायचं, हे बजावलं. मामा नळीला चिमटा लावून मूत्राशयाला सवय लावावी का विचारत होते. डॉक्टर म्हणाले गरज नाही. पाच दिवसांनी सकाळी आठला नळी काढली. सकाळी अशासाठी की नाही जमलं तर दुपारपर्यंत कळतं, रात्री धावपळ नको.

नाही जमलं. दुपारी दोनपर्यंत थेंब नाही, नळी परत घातली. मी पार खचले. मग सईचा प्रतिसाद आठवला आणि बाबांना विचारलं, तर तेही चार दिवस शौचाला गेले नव्हते. सांगायला लाजत होते. आठवडाभर इसबगोल, पपई, संध्याकाळी चालणं. परवा पुन्हा काढली. दहा वाजता काही नाही. अकराला मी नळ सोडून बघितला, आत्यानं देवापुढे दिवा लावला. साडेअकराला बाबा म्हणाले, "तुम्ही सगळ्या बाहेर व्हा, मग होईल." बाहेर झालो. एकशे ऐंशी मिली. संध्याकाळी सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर आत सत्तर उरली होती, डॉक्टर म्हणाले चालेल.

ताप नाही. दोन नव्या युरोबॅग पाकीटबंद उरल्या आहेत, सांगलीत कुणाला हव्या असतील तर विपूत (माझ्या विचारपुशीत) निरोप टाका. आणि काल रात्री बाबांनी मला तीनदा उठवलं.